थळचं पिल्लू

दिघी,
२२ ऑक्टोबर १९३१

चि. माधव,

आशीर्वाद आहेतच, ते मोजत बसू नकोस. दसऱ्याला येशील म्हणून वाट पाहिली. आता भाऊबीजेलाही कचेरीचं कारण सांगशील, म्हणून ओवाळणी आधीच मागून ठेवते. साडी नको. माझं एक काम कर.

पद्माचे कान जाऊन दोन वर्षं झाली. विषमज्वराने पोर परत दिली, कान ठेवून घेतले. नऊ वर्षांची झाली, घरात कोंडून किती ठेवू? गेल्या आठवड्यात वाडीच्या वाटेवर मागून बैलगाडी आली. गाडीवान घसा फोडतोय आणि ही बाई वाटेत उभी राहून सरडा बघतेय. शेवटी बैलच थांबले. तेव्हापासून माझ्या हाताला काम लागत नाही. सारखी उठून दारात जाते.

तुझे भावोजी म्हणतात, चांगलं कुत्रं पाळू. ते तिच्याऐवजी ऐकेल, तिला बाजूला ओढेल. इथल्या तरीवरचा, खाडी ओलांडून नेणारा अनंता आहे ना, त्याची बहीण भागुबाई थळच्या कोळीवाड्यात दिली आहे. तिचा नवरा धर्माजी कुत्री वाढवतो. खांदेरीच्या दीपगृहावरच्या कुणा साहेबाने जाताना त्याला एक कुत्री दिली होती, तिची ही तिसरी वीण. पोरं पाण्याकडे गेली तर ही कुत्री कपडा धरून मागे खेचतात, असं अनंता शपथेवर सांगतो. पण मेहुण्याचा माल तो वाईट कशाला म्हणेल? म्हणून तू जा. शिपायाला पाठवू नकोस, स्वतः जा. पिल्लांची आई बघ, ती पोराबाळांशी कशी वागते ते बघ. आधी ज्यांनी पिल्लं नेली त्यांना विचार. आणि पिल्लाच्या पाठीमागे टाळी वाजव, मान वळवतं का बघ. मला दुसरं काही नको, कान हवेत.

थळ तुझ्या दारात आहे. माझ्यासाठी नाही तर पद्मासाठी जा. ती तुला नमस्कार सांगते आणि विचारते, मामा अजून कान हलवून दाखवतो का.

तुझी
अनुताई

अलिबाग,
१४ नोव्हेंबर १९३१

ती. अनुताईस,

साष्टांग नमस्कार. आपला अर्ज दाखल झाला असून चौकशी चालू आहे. उशिराबद्दल क्षमा असावी. दिवाळीच्या सुट्टीतही शिरस्तेदारांनी आम्हांस जुंपले होते. मी अजून कायम झालेलो नाही हे तू जाणतेसच, आणि कायम करणे न करणे त्यांच्या शेऱ्यावर आहे.

आतापर्यंत दोन साक्षी झाल्या. आमच्या कोर्टातील एका वकिलांच्या साडूने गेल्या साली धर्माजीचे पिल्लू नेले, ते उत्तम निघाले. दुसरी साक्ष मासळीवाल्या आवडाबाईची. ती म्हणाली, "धर्माजीची कुत्री म्हंजे मानसां हायेत. पन धर्माजी लय तिरसट. आवडला मानूस तं देल, नायतर मामलेदार आला तरी देनार न्हाय." म्हणजे गिऱ्हाइकाने त्याची चौकशी करण्याऐवजी तोच गिऱ्हाइकाची करतो! आहे की नाही मौज? उलटतपासणीला मी घाबरत नाही. एखाद्या रविवारी जाऊन येतो.

पद्मास सांग, कान हलतात. अलीकडे शिरस्तेदार ओरडले की आपोआप हलतात.

तुझा
माधव

अलिबाग,
३० नोव्हेंबर १९३१

ती. अनुताईस,

साष्टांग नमस्कार. काल रविवारी थळला जाऊन आलो. स्पष्ट लिहितो, तेथील पिल्लू घेऊ नये. कुत्र्यांस खरूज आहे. पिल्लांची आई अंगावर येते. माणूसही उद्धट, त्याच्याशी व्यवहार करण्यात अर्थ नाही. अनंताने बहिणीच्या प्रेमाने सांगितले असेल, त्याचा दोष नाही.

परंतु तुझे काम अडू दिलेले नाही. येथे दयारामशेठ म्हणून व्यापारी आहेत. शिरस्तेदारांच्या परिचयाचे, बोलण्यात गोड. ते मुंबईहून अस्सल विलायती जातीची पिल्लं आणवतात. सध्या त्यांच्याकडे एक आहे. पांढरेशुभ्र, एक डोळा निळा, शांत स्वभाव. सोबत इंग्रजीत छापलेला वंशावळीचा कागद आहे, तो मी स्वतः वाचला. आजा-पणज्यापर्यंत नावे आहेत, आपल्यालाही आपली इतकी ठाऊक नसतील. भावोजींस विचारून कळव, म्हणजे आगबोटीने पाठवतो. ओवाळणी म्हणून माझ्याकडून.

तुझा
माधव

दिघी,
१९ डिसेंबर १९३१

चि. माधव,

पिल्लू पोचलं. सोबतचा कागद भावोजींनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि पेटीत ठेवला. आमच्या लग्नाची यादी बाहेर, कुत्र्याचा कागद पेटीत!

तू थळला गेलास, एवढा त्रास घेतलास, फार बरं वाटलं. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस म्हणून मी दुसरा विचार केला नाही. अनंताला मात्र राग आला आहे. "खरूज? आमच्या धर्माजीच्या कुत्र्यांना?" म्हणाला, आणि तेव्हापासून तरीत बसताना माझ्याशी बोलत नाही.

पद्माने पिल्लाचं नाव साहेब ठेवलं आहे. गोरा आहे, विलायती आहे, आणि दिवसभर काही करत नाही, म्हणून साहेब. भावोजी म्हणाले, कुणी अधिकारी घरी आला तर नाव घेऊ नका. दोन वर्षांत पद्मा अशी हसली नव्हती, माधव. तिला बोललेलं ऐकू येत नाही म्हणून ती हल्ली बोलायचंच टाळते, पण साहेबाशी तासन्‌तास बोलते. मी स्वयंपाकघरातून ऐकत बसते. हे तुझ्यामुळे झालं.

तुझी
अनुताई

दिघी,
२५ जानेवारी १९३२

चि. माधव,

तिळगूळ मिळाला, फुटून भुगा झाला होता, तोही गोड लागला.

साहेब वाढतोय. पण एक विचारायचं आहे. हा भुंकत नाही फारसा. परवा आगबोटीचा भोंगा झाला, गावातली सगळी कुत्री उठली, हा ओसरीवर पसरलेला तो पसरलेला. भावोजी म्हणतात, खानदानी आहे, ऊठसूट भुंकणं त्याला शोभत नाही. मी मागून हाक मारली तर येत नाही. पद्माने हाक मारली की मात्र लगेच वळतो. म्हणजे फक्त तिचंच ऐकतो म्हणायचं. तसं असेल तर चांगलंच, नाही का? तरी दयारामशेठना एकदा विचार. तू टाळी वाजवून पाहिली होतीस ना?

तुझी
अनुताई

अलिबाग,
८ फेब्रुवारी १९३२

ती. अनुताईस,

साष्टांग नमस्कार. दयारामशेठना विचारले. ते हसले. म्हणाले, या जातीची कुत्री एकाच धन्याची होतात, आणि कमी भुंकतात हाच त्यांचा मोठेपणा. काळजी नसावी.

मी कायम झालो. शिरस्तेदारांनी शेरा चांगला दिला. पेढे पाठवत आहे.

तुझा
माधव

दिघी,
१२ मार्च १९३२

माधव,

सोमवारी सकाळी पद्मा आणि साहेब धक्क्यावर होते. कोळशाच्या पोत्यांची एक गाडी उतारावर सुटली. बैल आवरेनात. होडीतली माणसं ओरडली, धक्क्यावरची ओरडली. अनंता सांगतो, अख्खी खाडी ओरडत होती. कुत्रं गाडीच्या वाटेत पाठ करून बसलं होतं, त्याने मान वळवली नाही. पद्मा त्याच्याजवळ धावली. कान्हा हमालाने उडी मारून तिला ओढली म्हणून ती आहे. तिचा डावा हात कोपराखाली मोडला. साहेब चाकाखाली गेला.

हात वैद्यांनी बांधला आहे. पोर रडत नाही, जेवत नाही, पाटीवर काही लिहीत नाही.

काल संध्याकाळी अनंता आला. तीन महिन्यांनी माझ्याशी बोलला. म्हणाला, "ताई, त्या कुत्र्याला ऐकू येत न्हवतं. माज्या डोल्यांनी बगितलं मी." मग म्हणाला, "थळला तुमचा भाव गेला व्हता, पन त्यानं पिल्लां बगितलीच न्हाईत. वट्यावर बसला, भागूनं भाकर दिली, तिला हात न लावता उठून गेला." मागच्या महिन्यात तो बहिणीकडे गेला होता, तेव्हा त्याला हे कळलं. मला सांगायचं की नाही या विचारात होता.

हे खरं की नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

अनु

अलिबाग,
४ एप्रिल १९३२

ती. अनुताई,

खरं आहे.

एवढंच लिहून पाठवणार होतो. तीन आठवडे तेही जमलं नाही. पण तुला सगळं कळायला हवं. आज कचेरीची भाषा सोडून लिहितो, तिच्यात खोटं फार सहज बसतं.

त्या रविवारी माझ्यासोबत शिरस्तेदारांचा भाचा होता. फिरायला म्हणून आला. धर्माजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. भागुबाईने घोंगडी घातली. मी पद्माचं सांगितलं. ते ऐकल्यावर त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि मलाच विचारायला लागला. घर पाण्यापासून किती लांब, पोर निजते कुठे, वाटेला गाड्या किती, कुत्रं घरात घेणार की गोठ्यात बांधणार. मला गंमत वाटत होती. उत्तरं देता देता लक्षात आलं की असं नीट तुलाही कधी मी विचारलं नव्हतं.

मग भागुबाईने तव्यावरची तांदळाची भाकरी आणली. धर्माजी म्हणाला, "अर्दी तुमी खावा. अर्दी आपल्या हातानं पिल्लाला घाला. मंग पिल्लू तुमचं. आमच्याकडं अशीच रीत हाय." आधी भाकरी, मग पिल्लं दाखवायची. ती मागच्या दारी होती, त्यांचं कुंईकुंई ऐकू येत होतं.

मला भूक लागली होती, अनुताई. मुंबईला गेलो की मी कुणाच्याही हॉटेलात खातो, तुला माहीत आहे. पण भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, आज माझा उपास आहे.

धर्माजीने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "उपास हाय तं राहू दे. पन रावसाब, ज्याला माजी भाकर चालत न्हाय, तो माजं कुत्रं घरात कसा घेल? त्या पोरीचा बाप येऊ दे, न्हायतर आय येऊ दे. मी थांबतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी उठलो. वाटेत भाचा म्हणाला, बरं झालं उठलात, ही माणसं डोक्यावर बसतात. अलिबाग येईपर्यंत मीच मोठा मानी ठरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तुला लिहायला बसलो. तुला खरं लिहिलं असतं तर तू पुढच्या होडीने थळ गाठलं असतंस, आणि मग माझी फजिती. 'खरूज' हा शब्द लिहिण्याआधी मी थांबलो होतो. बराच वेळ थांबलो होतो. मग लिहिला. तोच शब्द कचेरीतही बोललो, आणि एका वकिलाने सांगून ठेवलेलं पिल्लू नाकारलं.

दयारामशेठने मला खुर्ची दिली, चहा दिला. तो प्यालो. त्याच्या पिल्लामागे टाळी वाजवली नाही. कागद वाचला.

परवा थळला गेलो. धर्माजी दर्यात होता. भागुबाई दारात मासळी वाळत घालत होती. माझी माफी तिने ऐकून घेतली. म्हणाली, "एक मादी ठेवली व्हती त्या पोरीसाठी, संक्रांतीपातूर. पोरीची आय येल म्हनून. कुनी आलंच न्हाय. मंग मुरूडला देली." आणि पुन्हा मासळी पसरायला लागली. मला तिने बस म्हटलं नाही.

ज्या शेऱ्यासाठी मी हे केलं, तो शेरा मला मिळाला. त्याचे पेढे मी तुला पाठवले. ते आठवलं की लाज वाटते असं लिहिणंसुद्धा अपुरं वाटतं.

तू सांगशील ते करीन.

माधव

दिघी,
२० एप्रिल १९३२

चि. माधव,

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. मी म्हटलं, मी ती भाकरी खाल्ली असती. ते म्हणाले, मीही खाल्ली असती. थोड्या वेळाने म्हणाले, बहुतेक खाल्ली असती. तेव्हा तुला एकट्याला काय बोलू?

पण बोलावंसं वाटतं, आणि फार वाईट बोलावंसं वाटतं. तू पायरीवर पडलास की मी पायरीला मारायची, तो लहानगा तू डोळ्यांपुढे येतो, आणि मग मला धड रागावताही येत नाही, धड मायाही करता येत नाही. तू इतक्यात येऊ नकोस. समोर आलास तर माझ्या तोंडून काय निघेल, मला भरवसा नाही.

पद्माच्या हाताचं बांधलेलं सोडलं. हात थोडा वाकडा राहणार. कालपासून ती लिहायला लागली. पहिलं पत्र तुलाच लिहिलं आहे. तिने खळ लावून चिकटवलं, मला वाचू दिलं नाही. सोबत पाठवते.

अनुताई

(सोबतचं पत्र)

प्रिय मामा,

हे पत्र आईला दाखवू नकोस. बाबांनाही नको.

साहेब बहिरा होता. मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या हातून माळ्यावर पितळी डबा पडला. फळ्या हलल्या त्या मला पायाला कळल्या. मांजर पळालं. साहेब आईच्या मांडीवर होता, तो निजलेलाच राहिला. मी नंतर पुष्कळदा बघितलं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने त्याला परत पाठवलं असतं, कारण तिला ऐकणारं कुत्रं हवं होतं. मला तो हवा होता. मी आधी पाय आपटायची, मग हाक मारायची. ओसरीवर पाय आपटला की तो वळायचा. आईला वाटायचं हाकेने वळतो. मी तिला फसवलं.

त्या दिवशी मला गाडी दिसली होती. सगळे म्हणतात मला कळली नाही, पण मी बघितली होती. साहेब मधे बसला होता. मी पाय आपटला. खूप जोरात आपटला. पण धक्का दगडाचा आहे. दगड हलत नाही.

मी खोटं वागले म्हणून तो मेला. तू इतक्या लांबून त्याला पाठवलंस आणि मी त्याला नीट ठेवलं नाही. तू कधी खोटं बोलत नाहीस, आई नेहमी सांगते. म्हणून तुला विचारते. आईला सांगितलं तर ती मला घरात ठेवील का?

तुझी
पद्मा

अलिबाग,
२६ एप्रिल १९३२

चि. पद्मास,

मी मोठ्या अक्षरात लिहितो आहे, म्हणजे तुला कुणाला अक्षर विचारावं लागणार नाही.

आईला सांग. ती तुला जवळ घेईल. ते मला इतकं पक्कं ठाऊक आहे की त्याची मला काळजीच वाटत नाही. मी तिला काही कळवणार नाही. तुला एकटीला सांगायची भीती वाटली तर मी शेजारी बसेन.

आता माझं ऐक. थळ गावात धर्माजी नावाचे एक कोळी आहेत. त्यांच्याकडे ऐकणारी, शहाणी पिल्लं होती. आईने मला तिथे पाठवलं. त्यांनी मला आपल्या घरची भाकरी खायला दिली आणि म्हणाले, ही खा, मग पिल्लू ने. त्यांनी तुझी चौकशी केली, तू कुठे निजतेस तेसुद्धा विचारलं. मी भाकरी खाल्ली नाही, कारण सोबतचा माणूस मला हसला असता. पिल्लं न बघताच परत आलो, आणि आईला लिहिलं की ती रोगट आहेत. ते खोटं होतं. आईने साहेबाच्या पाठीमागे टाळी वाजवायला सांगितलं होतं, ती मी वाजवली नाही. एका टाळीत मला कळलं असतं. गाडी त्याच्यावर आली ती मी त्याला तिकडे पाठवला म्हणून. त्यात तुझा काही दोष नाही. कुणी तुला वेगळं सांगितलं तर हे पत्र दाखव.

तू त्याला तीन महिने सांभाळलंस. दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर तो बहिरा आहे हे कळताच त्याला हाकलून दिलं असतं. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मला आता तसं लिहायची भीती वाटते.

मामा कधी खोटं बोलत नाही, असं तुला वाटत होतं. ते वाचून मला रडू आलं. मोठ्या माणसाने हे लिहू नये, पण लिहितो.

शनिवारच्या आगबोटीने मी येतो. आईने येऊ नकोस म्हणून लिहिलं आहे, तरी येतो. तू धक्क्यावर येऊ नकोस, मी घरी येईन. तुला मला बघावंसं वाटलं नाही तर आत बस, मी ओसरीवरून परत जाईन आणि रागावणार नाही.

या पत्रातलं काही कळलं नाही तर आईला विचार. तिला माझं हे सगळं ठाऊक आहे. तुझ्या मनातून मी उतरू नये म्हणून तिने अजून तुला सांगितलेलं नाही.

तुझा
मामा